मामाच्या फोनमधले फोटो: ‘पाळणा लागण्या’चं एक प्रकरण

माझी भाची अकरा वर्षांची आहे. सुट्टीत ती मामाबरोबर आणि दोन मामेभावंडांबरोबर एका मोठ्या थीम पार्कमध्ये गेली. संध्याकाळपर्यंत थांबायचा बेत होता, तो दुपारी दीडलाच गुंडाळावा लागला. घरी आल्यावर माझ्या भावानं, म्हणजे तिच्या मामानं, मला फोन केला: “ताई, ही फार घाबरते गं. हिला पुन्हा न्यायला नको.” दुसऱ्या दिवशी भाची माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मावशी, मी घाबरले नव्हते. मला रोलर कोस्टरमध्ये बसायचंच होतं. पण मला काहीतरी होत होतं.”

मी कानाच्या आणि तोलाच्या तपासण्या करते. “काहीतरी होत होतं” हे वाक्य माझ्या खोलीत रोज कोणी ना कोणी म्हणतं, आणि ते म्हणणाऱ्याला घरी बहुतेक वेळा ‘भित्रा’ किंवा ‘नाजूक’ ठरवलेलं असतं. म्हणून मी तिला आणि मामाला शेजारी बसवून तो दिवस लिहून काढला. सात आठवड्यांनी आम्ही त्याच ठिकाणी पुन्हा गेलो, त्या दिवसाचीही नोंद ठेवली. तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीनं दोन्ही दिवस इथे मांडते आहे.

पहिला दिवस

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मामाच्या फोनमधल्या फोटोंचा, कारण प्रत्येकावर वेळ होती.

१० वाजून १२ मिनिटं. प्रवेशद्वारापाशी चौघं हसताहेत. पण दिवसाची सुरुवात याच्या बरीच आधी झाली होती. आदल्या रात्री मुलं उशिरापर्यंत जागली होती. ‘रिकाम्या पोटी उलटी होत नाही’ या समजुतीनं तिला सकाळी काहीच खायला दिलं नव्हतं. दोन तासांच्या प्रवासात ती मागच्या सीटवर मान खाली घालून फोनवर खेळत होती. लहानपणापासून गाडी लागणारी मुलगी दारातून आत शिरली तेव्हाच त्रासानं अर्धी भरलेली होती.

१०:४०. फिरते कप. खालची मोठी तबकडी फिरते, त्यावरचे कपांचे गट फिरतात आणि मधलं चाक हातानं ओढलं की प्रत्येक कप स्वतःभोवतीही फिरतो. भावंडं चाक जीव खाऊन ओढत होती. ही मान वळवून कधी एकाशी, कधी दुसऱ्याशी बोलत होती. उतरल्यावर रांग नव्हती, म्हणून लगेच दुसरी फेरी.

११:०५. हा फोटो मी बराच वेळ मोठा करून पाहिला. झुलत्या जहाजाच्या रांगेत बाकीचे कॅमेऱ्याकडे बघताहेत. ती जांभई देते आहे. ओठांभोवतीची कातडी पांढुरकी पडली आहे, कपाळावरचे केस ओले आहेत, एक हात गळ्यापाशी आहे. मी विचारलं, “तेव्हा तोंडाला पाणी सुटत होतं का?” ती चकित झाली. “हो! सारखं गिळावं लागत होतं. तुला कसं कळलं?” जांभया, सारखी थुंकी गिळणं, फिकटपणा, थंड घाम आणि बडबड्या मुलानं अचानक गप्प होणं, हे सगळं मळमळीच्या आधी येतं. हा फोटो काढताना मामा म्हणाला होता, “बघा, कंटाळली.”

११:२५. जहाज, शेवटची रांग. ११:५०. हलत्या खुर्च्यांचा, मोठ्या पडद्याचा खेळ. त्याच्या बाहेर पडायच्या दारापाशी उलटी झाली.

त्यानंतर दीड तास ती बाकावर होती. उलटी होऊन गेल्यामुळे आता बरं वाटायला हवं, असा सगळ्यांचा हिशेब. पण ती बोलेना, खाईना, डोळे मिटून नुसती पडून राहिली. भावंडांनी ठरवलं की ती रुसली आहे. त्या दिवसातला सगळ्यात मोठा अन्याय मला हा वाटतो. हालचालीमुळे येणाऱ्या या सुस्तीला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. ग्रेबिएल आणि नेप्टन यांनी १९७६ मध्ये तिचं वर्णन ‘सोपाइट सिंड्रोम’ असं केलं. झोप येते, कशातच रस वाटत नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही. मळमळ ओसरल्यावरही हे तासन् तास टिकू शकतं, आणि काहींना तर मळमळ न होता नुसतं एवढंच होतं. आजारी मुलाला आपण रुसलेलं मूल समजून वागवलं तर पुढच्या वेळी ते आपल्याला काहीच सांगणार नाही.

भीती की कान?

मामाचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. भीती असतेच, आणि तिनं मळमळ वाढतेही. पण मूळ तिथे नाही, हे मला रोज डोळ्यांसमोर दिसतं. आमच्याकडे एक तपासणी असते. माणसाला पाठीवर झोपवून, डोकं थोडं उचलून, कानात आधी ३० आणि मग ४४ अंश सेल्सिअसचं पाणी सोडतात, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा ७ अंश कमी आणि ७ अंश जास्त. पलंग स्थिर, खोली स्थिर, उंची नाही, वेग नाही. तरी अर्ध्या-एक मिनिटात त्याला सगळं गरगरायला लागतं, डोळे आपोआप एका बाजूला सरकून झटके देतात. धडधाकट, कशालाही न भिणारी माणसं त्या पलंगावर बादली मागतात. कानातल्या द्रवाला ऊब किंवा गारवा लागून तो हलतो, एवढंच घडलेलं असतं. हे कोडं रॉबर्ट बारानी यांनी उलगडलं आणि त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. भावाला मी हीच गोष्ट सांगितली, तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसून ऐकू लागला.

आतल्या कानात दोन प्रकारची साधनं असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिका फिरण्याचा वेग बदलला की तो टिपतात. त्यांच्याजवळच्या दोन पिशव्यांमध्ये चिकट थरावर कॅल्शियमचे बारीक कण बसलेले असतात, ते सरळ रेषेतला धक्का आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतात. डोळे आणि स्नायू आपापली खबर वेगळी देतात. एरवी या सगळ्यांचं जमतं. ज्या क्षणी जमत नाही, किंवा आजवरच्या अनुभवावरून मेंदूनं जे अपेक्षिलं त्याच्याशी ते जुळत नाही, तिथे मळमळ सुरू होते. रीझन आणि ब्रँड यांनी १९७५ मध्ये ही उपपत्ती नीट मांडली आणि आजही तीच सगळ्यात जास्त मानली जाते. हा तिढा पोटापर्यंत का जातो, याचं एक उत्तर ट्राइसमन यांनी १९७७ मध्ये सुचवलं: संवेदनांचा असा गोंधळ निसर्गात विष पोटात गेल्यावर होतो, म्हणून शरीर पोट रिकामं करायला बघतं. हा तर्क आहे, सिद्धान्त म्हणून सगळ्यांनी स्वीकारलेला नाही, पण मुलांना तो लगेच पटतो. भाची म्हणाली, “म्हणजे माझं शरीर मला वाचवत होतं?” तिच्यापुरतं ते उत्तर पुरेसं होतं.

ज्यांच्या दोन्ही कानांतली ही यंत्रणा पूर्ण निकामी झालेली असते, त्यांना गाडीही लागत नाही आणि बोटही लागत नाही. भीती मात्र त्यांनाही वाटतेच.

तिच्यापुरत्या बाकीच्या नोंदी थोडक्यात. आईला अर्धशिशी आहे, आणि अर्धशिशीच्या घरांत हा त्रास जास्त दिसतो. वयही ऐन त्रासाचं: दोन वर्षांच्या आत हे क्वचित होतं, मग वाढत जाऊन नऊ-दहाच्या सुमारास टोकाला पोचतं आणि पुढे हळूहळू कमी होतं. सायकल चालवताना तिला कधीच काही होत नाही, कारण वळण आपणच घेणार असल्यामुळे मेंदूला ते आधीच ठाऊक असतं. ऐकू नीट येतं, कानात आवाज नाही, बसल्या जागी कधी चक्कर आलेली नाही. यातलं काही वेगळं असतं, किंवा पाळण्यानंतर चक्कर अथवा डोकेदुखी दुसऱ्या दिवशीही राहिली असती, तर मी पुढचं काहीही न करता तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

पाळण्यांची फोड

रोलर कोस्टर सगळ्यात भयंकर दिसतो, म्हणून तो शेवटी, आणि कप गोंडस दिसतात, म्हणून ते आधी. जवळजवळ सगळी कुटुंबं हाच क्रम लावतात आणि गाडी लागणाऱ्या मुलासाठी तो नेमका उलटा आहे.

कपांत शरीर एका दिशेनं फिरत राहतं. वेग स्थिर झाला की नलिकांमधला द्रव अर्ध्या मिनिटाच्या आत त्या वेगाला येऊन मिळतो आणि फिरण्याची जाणीव विरते, पण डोळ्यांना जग फिरताना दिसतच असतं. थांबलं की द्रव पुढे वाहत राहतो आणि स्थिर जमीन उलटी फिरते. त्यात फिरत असताना मान वाकवली किंवा तिरकी केली की एक नलिका फिरण्याच्या पातळीतून बाहेर जाते, दुसरी आत येते, आणि मेंदूला अशा दिशेला कोलमडल्यासारखं वाटतं जिकडे शरीर गेलेलंच नसतं. मळमळ आणण्याचा याहून खात्रीचा उपाय प्रयोगशाळेतही क्वचितच सापडेल. भावंडांशी बोलताना ती दोन फेऱ्यांत हेच करत होती.

जहाजाची गोष्ट वेगळी. दर ५ सेकंदांना एक, म्हणजे ०.२ हर्ट्झच्या आसपासचा हेलकावा माणसाला सगळ्यात जास्त लागतो, हे खऱ्या बोटींच्या संदर्भात १९७० च्या दशकात मोजून झालं आहे. मामाच्या व्हिडिओत मी घड्याळ लावलं. पूर्ण झुल्यात जहाजाचं एक येणं-जाणं साडेसहा सेकंदांचं होतं. दहा-अकरा मीटर लांबीच्या लंबकाचं गणित तसंच येतं. म्हणजे कोरड्या जमिनीवर तिला अक्षरशः बोट लागली. शेवटच्या रांगेत वर-खाली होणं सगळ्यात जास्त असतं, ते वेगळंच.

हलत्या खुर्च्यांच्या खेळात भांडण उलट्या बाजूनं होतं: डोळे दरीत कोसळतात आणि शरीर जागच्या जागी थोडंसं हिंदकळतं. मनोरंजन उद्यानं चालवणाऱ्यांनाही हे नीट ठाऊक आहे. फ्लोरिडातल्या एपकॉटमध्ये २००३ मध्ये ‘मिशन: स्पेस’ ही खरोखर गरगर फिरणारी अंतराळ-सफर सुरू झाली, तिच्यात उलटीसाठी पिशव्या ठेवाव्या लागल्या. २००६ मध्ये तिचीच न फिरणारी, सौम्य आवृत्ती शेजारी उपलब्ध करून दिली गेली. फिरणं काढलं की त्रास कमी, हे कोट्यवधींच्या यंत्रावर झालेलं प्रात्यक्षिकच म्हणायचं.

आणि कोस्टर? दोन-तीन मिनिटांत संपतो. रूळ समोर दिसतो, म्हणजे पुढचं वळण डोळ्यांना आधी कळतं. डोळे आणि कान जवळजवळ एकच गोष्ट सांगतात. पोटात गोळा येतो, तो वेगळा. तिला आवडणारा तोच.

तयारी

औषधाचा निर्णय तिच्या बालरोगतज्ज्ञांचा. डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन, प्रोमेथाझिन ही या कामाची नेहमीची नावं. सगळी आधी घ्यावी लागतात, कारण मळमळ सुरू झाली की जठर मंदावतं आणि गोळी तिथेच पडून राहते. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी मुलांसाठी नसते. मोठ्यांनाही ती किमान ४ तास आधी लावावी लागते आणि ७२ तास चालते. डॉक्टरांनी सुचवलेली गोळी आम्ही एका रविवारी घरी देऊन पाहिली. ती तीन तास झोपली. मग त्यांच्याशी बोलून ठरवलं की पार्कच्या दिवशी गोळी नको, कारण आमची सगळी भिस्त तिनं वेळेवर सांगण्यावर होती आणि पेंगुळलेलं मूल वेळेवर सांगत नाही. बोटीचा किंवा घाटाचा लांब प्रवास असता तर मी गोळीच्या बाजूनं उभी राहिले असते. आल्याच्या अभ्यासांचे निष्कर्ष दोन्ही बाजूंचे आहेत. तिला चव आवडते, म्हणून एक तुकडा जवळ ठेवला.

खरं साधन होतं बोटांचं. मूठ म्हणजे काही नाही, पाच बोटं म्हणजे आता उलटी. एक म्हणजे जांभया आणि थुंकी. दोन म्हणजे पोटात ढवळतंय. तीनवर सगळं बंद, कोणी कारण विचारायचं नाही, कोणी ‘एवढ्यात?’ म्हणायचं नाही. मळमळीचं एक वाईट वैशिष्ट्य असं की काही मर्यादा ओलांडली की पाळणा थांबल्यावरही ती आपली आपण वाढत जाते. तीनवर थांबलेलं मूल अर्ध्या तासात परत येतं, चारवर ‘अजून एकच’ केलेल्याचा दिवस संपतो. हा करार मामानं भावंडांसमोर वाचून दाखवला, आणि मला वाटतं निम्मं काम तिथेच झालं.

दुसरा दिवस

रात्री झोप पूर्ण. सकाळी हलकं, कोरडं खाणं. गाडीत फोन बॅगेत, नजर पुढच्या काचेतून रस्त्यावर, खिडकी थोडी उघडी. पोचल्यावर अर्धा तास नुसतं चालणं.

पहिला कोस्टर. डोकं मागच्या टेकूला घट्ट लावायचं, डोळे उघडे, रूळ जिकडे वळणार तिकडे नजर. उतरली तेव्हा चेहरा लालबुंद, आवाज बसलेला, बोट एकही नाही. वीस मिनिटांनी पुन्हा, या वेळी पहिल्या डब्यात. एक बोट.

मग जहाज, मधली रांग. जहाजाकडे बघायचं नाही, लांबच्या झाडांच्या शेंड्यांकडे बघायचं आणि पोटानं सावकाश श्वास घ्यायचा. नियंत्रित श्वासानं मळमळ लांबते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. शिवाय मुलाच्या हाती करण्यासारखं काहीतरी राहतं. दोन बोटं. सावलीत पंचवीस मिनिटं, मग मूठ.

चूक झाली ती हलत्या खुर्च्यांपाशी. कोस्टरवर डोळे उघडे, इथे पडदा कलंडला की डोळे मिटलेले, असं मी तिला शिकवलं होतं. नियम उलटा आहे, कारण इथे खोटं डोळे बोलतात, ते मिटले की भांडणच मिटतं. पण पडद्यावर काय चाललंय ते बघायचा मोह अकरा वर्षांच्या मुलीला आवरणार कसा? तिनं किलकिले ठेवले. मध्येच अंधारात तिचा हात वर आला, तीन बोटं. बाहेर येऊन बाक, चेहऱ्यावर वारा, मानेवर ओला रुमाल, घोटघोट पाणी, मान स्थिर. चाळीस मिनिटं गेली. उलटी झाली नाही. तो खेळ मी यादीत ठेवायलाच नको होता. तिला ‘सगळं केलं’ असं म्हणता यावं, हा माझा हट्ट होता.

परतीच्या वाटेवर भावंडांनी दिवसाचे व्हिडिओ दाखवले, तिनं मान खाली घालून पाहिले आणि दहा मिनिटांत गाडी थांबवावी लागली. दिवसभराचा थकवा कानालाही असतो, हे मला लक्षात ठेवायला हवं होतं.

आता तिला घरच्या फिरत्या खुर्चीवर सराव करायचा आहे. सराव हा या त्रासावरचा सगळ्यात परिणामकारक उपाय आहे, हे खरं. थोडं थोडं, रोज, दोन बोटांच्या आत. पण ज्या हालचालीचा सराव केला तिच्यापुरताच तो मुख्यतः टिकतो. खुर्चीनं कप कदाचित सोपे होतील, जहाज होणार नाही. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं आहे.

कपांची गोष्ट राहिली. त्या दिवशी तिनं स्वतःहूनच नको म्हटलं. ती कठड्यापाशी सगळ्यांच्या पिशव्या घेऊन उभी राहिली आणि तिनं घड्याळ लावलं. “मावशी, दीड मिनिट! फक्त दीड मिनिट? मला तेव्हा वाटलं होतं संपतच नाहीये.” भावंडांनी मामाला सोडलं नाही, लागोपाठ दोन फेऱ्या झाल्या. तो उतरून आला, बाकावर तिच्याशेजारी बसला, काही बोलला नाही. जांभई दिली. थोड्या वेळानं मांडीवरूनच हात किंचित उचलून त्यानं दोन बोटं दाखवली, मग तिसरं.

तिनं पाण्याची बाटली उघडून त्याच्या हातात दिली. “मामा, मान हलवू नकोस. त्या झाडाकडे बघ.”